शिकवलेला कुत्रा आणि आपण

मुस्लिम घरात कुत्र्याचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. पाळावा की पाळू नये? जायज की नाजायज? कुणी फरिश्त्यांची हदीस सांगतं, कुणी असहाब-ए-कहफच्या कुत्र्याची आठवण काढतं, आवाज चढतात आणि विषय तिथंच संपतो. पाळलाच, तर त्याला काही शिकवलं का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते आज या दुसऱ्या प्रश्नाची जास्त गरज आहे.

कारण कुत्री पाळली जातातच. आमच्या सोलापुरातल्या मोहल्ल्यात बघा. गॅरेजच्या दारात एक बांधलेला असतो, लाकडाच्या वखारीत एक, कोंबड्यांच्या शेडवर दोन. ज्यांचं गावाकडं शेत आहे त्यांच्या वस्तीवर तर असतोच. हदीसमध्येच शिकार, जनावरं आणि शेती यांच्यासाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, तेव्हा राखणीच्या नावाखाली सगळ्यांनी सूट घेतलेली आहे. पण ही राखण म्हणजे काय? दोन हात साखळी, डोक्यावर सोलापूरचं ऊन आणि येईल त्याच्यावर भुंकणं. याला शिकवणं म्हणत नाहीत. कायम बांधलेला कुत्रा राखण करत नसतो, तो घाबरत असतो. घाबरलेलं जनावर साखळी सुटली की चावतं. मग लोक म्हणतात, कुत्रा ‘कडक’ आहे. मालकालाही ते ऐकून बरं वाटतं.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दुसरं टोक दिसतं. महागडं पिल्लू आणायचं, त्याला सोफ्यावर बसवायचं, त्याचे व्हिडिओ काढायचे आणि वर्षभरात ते अंगाबाहेर गेलं की कुणाच्या तरी फार्महाऊसवर सोडून यायचं. दोन्हीकडं शिकवण्याचं काम राहूनच जातं.

आमच्याकडचा मोती गावठी आहे. बोळातल्या कुत्रीचं पिल्लू, भाच्यानं उचलून आणलेलं, अंगणात वाढलेलं. घरात त्याला प्रवेश नाही. ही अम्मीची अट आहे आणि मला ती मान्य आहे. ज्या घरात पाच वेळा जानमाज अंथरली जाते तिथं अशी अट असण्यात मला काही मागासलेपण वाटत नाही. पण आमच्या अंगणासमोरूनच मशिदीकडं जाणारा रस्ता आहे, आणि खरी अडचण तिथं आहे. सहा महिन्यांचं पिल्लू माणूस दिसला की आनंदानं अंगावर उडी मारतं, हात चाटतं, पायजम्याला तोंड लावतं. मगरिबला निघालेल्या माणसावर त्यामुळं घरी जाऊन कपडे बदलायची वेळ येते आणि त्याची जमात चुकते. तो माणूस काही कुत्र्यांचा दुश्मन नसतो. त्याची नमाज राहते, एवढंच त्याला कळतं.

यात मतभेदही आहेत. आम्ही हनफी. आमच्यात कुत्र्याची लाळ नापाक, पण त्याचं कोरडं अंग कपड्याला लागलं म्हणून कपडा नापाक होत नाही. माझी सासुरवाडी रत्नागिरीकडची, कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांच्याकडं कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा पाकच आहे. हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून मी शेजाऱ्याला रस्त्यात उभं करून इमाम मालिक यांचं मत ऐकवावं का? त्याच्या अंगावर माझा कुत्रा जाणार नाही एवढं पाहणं माझं काम. आणि ते साखळीनं नव्हे, शिकवण्यानं होतं.

मी मुफ्ती नाही आणि हा लेख फतवा नाही. पण ज्या परंपरेचा हवाला देऊन आपण कुत्र्याकडं पाठ फिरवतो, त्याच परंपरेत शिकवलेल्या कुत्र्याला वेगळं स्थान आहे, हे आपण विसरलो आहोत. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारीसाठी तयार केलेल्या जनावरांचा उल्लेख येतो. त्यांनी मालकासाठी पकडून ठेवलेली शिकार हलाल ठरवली आहे. अल्लाहनं माणसाला जे शिकवलं, त्यातलंच माणूस त्या जनावराला शिकवतो, असा तिथला आशय आहे. शिकवणाऱ्यांसाठी वापरलेला शब्द ‘मुकल्लिबीन’ हा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा या शब्दावरूनच आला आहे. प्रसिद्ध हातिम ताईचे चिरंजीव अदी बिन हातिम यांनी पैगंबरांना शिकारी कुत्र्यांबद्दल विचारलं होतं. उत्तराचा मतितार्थ असा: शिकवलेला कुत्रा अल्लाहचं नाव घेऊन सोडला आणि त्यानं शिकार तुमच्यासाठी धरून ठेवली तर खा. त्यानं स्वतःच तिच्यातलं खाल्लं असेल तर खाऊ नका, कारण मग ती त्यानं स्वतःसाठी पकडलेली असू शकते.

जरा थांबून बघा. दात तेच, लाळ तीच, जात तीच. एका कुत्र्यानं मारलेला ससा ताटात येतो, दुसऱ्यानं मारलेला येत नाही. फरक फक्त शिक्षणाचा. चौदाव्या शतकात इब्न कय्यिम यांनी इल्मची थोरवी सांगताना हाच दाखला दिला आहे. आमच्याकडच्या वाज-तकरिरींतून मी कुत्र्याबद्दल बरंच ऐकलं, हे मात्र कधी ऐकलं नाही.

शिकलेला कुत्रा ओळखायचा कसा, याची फुकहांनी बारकाईनं चर्चा केली आहे. हनफींच्या ‘हिदाया’ या ग्रंथात, ज्याचे लेखक मर्गीनानी ११९७ साली वारले, कुत्र्यासाठी आणि बाजासाठी वेगवेगळी कसोटी दिली आहे. कुत्र्यानं तीन वेळा शिकार पकडून न खाता सोडली तर तो शिकला. बाज बोलावल्यावर परत आला तर तो शिकला. हा फरक का, याचं एक कारण तिथं असं दिलंय की बाजाचं शरीर मार सोसू शकत नाही, कुत्र्याचं सोसतं. म्हणजे त्या काळी कुत्र्याला मारून शिकवत असत, हे उघड आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण मला त्या वाक्यातला बाज जास्त महत्त्वाचा वाटतो.

बाजाला मारता येत नाही. एक फटका आणि पक्षी कायमचा गेला. तरीही शतकानुशतकं माणसांनी बाज शिकवले. मोकळ्या आकाशात सोडलेला पक्षी, ज्याला परत यायची काहीच सक्ती नाही, तो हाकेसरशी मनगटावर येऊन बसतो. का? कारण तिथं मांसाचा तुकडा असतो आणि त्या मनगटाकडून त्याला कधी दगा झालेला नसतो. चित्त्याचंही तसंच. आपल्याकडं संस्थानांच्या काळात शिकारी चित्ते पाळत, कोल्हापूरचे चित्ते तर प्रसिद्ध होते. चित्त्यानं काळवीट धरलं की त्याच्या तोंडातून ते ओढून कोण घेणार? चित्तेवान लाकडी पळीत रक्त किंवा मांस घेऊन त्याच्या तोंडाशी धरायचा, चित्ता पळीकडं वळला की डोळ्यांवर टोपी चढवायची आणि शिकार बाजूला घ्यायची. जबरदस्ती नाही, अदलाबदल. विसाव्या शतकात अमेरिकेत कॅरेन प्रायर या बाईंनी डॉल्फिनना शिकवता शिकवता हेच तत्त्व कुत्र्यांसाठी मांडलं. त्यांचं १९८४ सालचं पुस्तक आजही कुत्रा शिकवणारे वाचतात. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही, छडी मारता येत नाही. तो चिडला तर तळाशी निघून जातो. उरतो तो मासा आणि वेळ साधणं.

म्हणजे ज्या जनावरांना मारणं शक्य नव्हतं, त्यांना माणसानं प्रेमानं शिकवलं. कुत्र्याला मारणं शक्य होतं, म्हणून मारलं. माराची गरज होती असं यातून सिद्ध होत नाही. कुत्रा सोसतो एवढंच सिद्ध होतं.

माराच्या बाजूनं एक ‘शास्त्रीय’ युक्तिवादही ऐकवला जातो. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो, म्हणून घरात तुम्ही दादा झालं पाहिजे. त्याला जमिनीवर उताणं पाडा, त्याच्या आधी जेवा, दारातून त्याच्या आधी बाहेर पडा. ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून पसरली, आणि तो अभ्यास होता बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७० च्या आपल्या पुस्तकात ती उचलून धरली. पुढं रानातल्या लांडग्यांबरोबर वर्षानुवर्षं राहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथं दादागिरीच्या मारामाऱ्या नसतात. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, असं ते प्रकाशकाला सांगत राहिले. आपल्या यूट्यूबवरचे पहिलवान ट्रेनर अजून त्या जुन्या पुस्तकातच अडकलेत.

आता घरातल्या शिकवणीकडं येतो. आणि पहिली अडचण सांगतो, जी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आमच्या घरात तीन भाषा चालतात. मी मराठीतून ‘बस’ म्हणतो. अम्मी दखनीतून ‘बैठ’ म्हणते. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, ती ‘सिट’ म्हणते. शिवाय दखनीत ‘बस’ म्हणजे ‘पुरे’. भात वाढताना बस, भांडताना बस, पोरांना दटावताना बस. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द अंगणापर्यंत ऐकू येतो. बिचाऱ्या कुत्र्यानं किती वेळा बसावं? म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून शब्द ठरवले आणि खडूनं दारामागं लिहिले: बैठ, ये, ठहर, छोड. एका कामाला एक शब्द, सगळ्यांच्या तोंडी तोच, आणि एकदाच उच्चारायचा. ‘बैठ, बैठ, अरे बैठ ना’ असं म्हटलं की कुत्रा तेच शिकतो: चौथ्यांदा म्हटल्यावर बसायचं. कुत्र्याला शिकवायला लागणाऱ्या मेहनतीतली अर्धी घरातल्या माणसांवर खर्च होते, हे आधीच सांगून ठेवतो.

बैठ शिकवणं सगळ्यात सोपं. नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर जातं, बूड खाली टेकतं. टेकल्याक्षणी ‘शाबाश’ आणि तुकडा. क्षण महत्त्वाचा आहे. तीन सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात तो उठला, तर बक्षीस उठण्याचं मिळालं. दहा-बारा वेळा हालचाल नीट जमली की मग शब्द जोडायचा, आधी नाही. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाच्या आधी. पोट भरलेला विद्यार्थी कुणाचंच ऐकत नाही. खर्चाचं म्हणाल तर चिकनच्या दुकानातली कलेजी, उकडलेलं अंडं, पनीरचा चुरा, काहीही चालतं. कांदा-लसणाचं नको, शिजवलेली हाडं नकोत. कुत्रा शिकला की तुकडा दर वेळी द्यायची गरज नसते. कधी मिळतो, कधी नुसती शाबाशी. खाणं दिलं तर लाचखोर होईल म्हणतात, मला ते पटत नाही. आपण पगाराशिवाय किती दिवस कामावर जाऊ?

अंगावर उडी मारणं याच बैठनं सुटलं. उडी मारली की पाठ फिरवायची. ढकलायचं नाही, ओरडायचं नाही, कारण त्याला तो खेळच वाटतो. चारही पाय जमिनीवर आले, बसला, की लक्ष आणि तुकडा. मशिदीकडं जाणारी माणसं दिसली की बैठ, हे त्याला दोन महिने संध्याकाळी फाटकाशी उभं राहून शिकवलं. आधी रस्ता रिकामा असताना, मग एक माणूस लांबून जाताना, मग जवळून. जुम्माची गर्दी सगळ्यात शेवटी.

‘ये’ या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण जीव वाचवणारा शब्द हाच आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणाराही हाच. लोक कुत्र्याला कधी बोलावतात? आंघोळ घालायला, बांधायला, औषध पाजायला, चप्पल फाडली म्हणून मारायला. मग त्यानं का यावं? ‘ये’ म्हटल्यावर आला की नेहमी चांगलंच व्हायला हवं. अर्ध्या तासानं आला तरी. आंघोळ घालायची असेल तर बोलावू नका, जाऊन घेऊन या. शिकवताना मोकळ्या मैदानात दहा-पंधरा हात लांब दोरी बांधा, नाव घ्या, एकदाच ‘ये’ म्हणा आणि उलट्या दिशेनं पळा. पळणाऱ्याच्या मागं धावणं कुत्र्याच्या रक्तातच असतं. उलट तुम्ही त्याच्यामागं धावलात तर तो पुढं पळणार. पोहोचला की एक नाही, चार-पाच तुकडे, एकामागून एक. आणि लगेच परत खेळायला सोडा, म्हणजे ‘ये’ म्हणजे मजा संपली, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसत नाही.

‘छोड’ही तितकंच गरजेचं, आपल्या वस्तीत तर जास्तच. बकरी ईदनंतरचे दोन-तीन दिवस गल्लीत काय काय पडलेलं असतं ते सांगायला नको. एरवीही उकिरड्यावर शिजवलेली हाडं असतात, कुठं उंदरांसाठी ठेवलेलं विष असतं. पद्धत चित्तेवानाचीच. मुठीत तुकडा बंद करून समोर धरा. तो चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. तुम्ही काही बोलू नका. ज्या क्षणी तो तोंड मागं घेईल त्या क्षणी शाबाश, आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. सोडलं की त्याहून चांगलं मिळतं, हे त्याला पटलं पाहिजे. कुत्र्याच्या जबड्यात बोटं घालून हाड ओढणाऱ्यांना तो पुढच्या वेळी आधीच गुरगुरतो, आणि त्याचा दोष नाही.

‘ठहर’ला सबुरी लागते. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. अंतर आणि वेळ एकदम वाढवायचे नाहीत. दोरी ताणली की उभं राहायचं, सैल झाली की चालायचं, एवढं केलं तर ओढण्याची सवय जाते. आणि ज्यांचं पिल्लू लहान आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं त्याला ते पुढं आयुष्यभर घाबरत नाही. बुरख्यातली बाई, टोपी-दाढीवाले बुजुर्ग, काठी टेकणारी दादी, ढोल, कुकरची शिट्टी, सगळं त्याला या काळात लांबून, प्रेमानं दाखवून घ्या. लसीकरण चालू असतं तेव्हा खाली सोडू नका, कडेवर घेऊन दाखवा.

चूक झाल्यावर काय करायचं? हातोहात सापडला तर लक्ष दुसरीकडं वळवा. नंतर कळलं तर काहीच करू नका, चप्पल उचलून वर ठेवा. ‘त्याला कळतं हो, बघा कसा मान खाली घालतो!’ असं सगळे म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हे तपासलं. कुत्र्यानं खाऊ चोरला होता की नव्हता याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावतो की नाही याच्याशी होता. निर्दोष कुत्र्यालाही दटावलं की तो तसाच चेहरा करत होता. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली, लाळेतलं कॉर्टिसॉलही शिकवणीनंतर वाढलेलं होतं.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण आपण कुत्र्यांवरून माणसांना लावतो. पण शेपूट सरळ करायला सांगितलंय कुणी? अंगावर जाऊ नये, हाक मारली की यावं, तोंडातलं सोडावं, एवढंच मागणं आहे आणि ते कुठल्याही गावठी कुत्र्याला जमतं. शहरात महिनाभर कुत्रा ठेवून घेऊन शिकवून देणारे आहेत. मला तो पैशाचा अपव्यय वाटतो. कुत्रा त्या माणसाचं ऐकायला शिकतो, तुमचं नाही. पैसे द्यायचेच तर घरी येऊन तुम्हाला शिकवणाऱ्याला द्या.

हे सगळं आता का लिहितोय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलून नसबंदी आणि लसीकरणानंतर सोडायला सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गल्लीत माणसं दोन गटांत वाटली गेलीत. चावलेल्या पोराच्या बापाचा राग खरा आहे. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हेही खरं आहे. अशा वेळी पाळलेला कुत्रा जर कुणाच्या अंगावर गेला, तर राग त्याच्या मालकावर थांबत नाही, बोळातल्या निरुपद्रवी कुत्रीवरही निघतो. रात्रीतून विष टाकलं जातं. आमच्या मागच्या गल्लीत ते झालं आहे. आणि भांडण दोन समाजांच्या घरांमध्ये असेल तर ते कुत्र्यापुरतं राहत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

अम्मी अजूनही मोतीला हात लावत नाही. असरनंतर ती ओट्यावर बसते, तीन हातांवरून ‘बैठ’ म्हणते, तो बसतो, ती कलेजीचा तुकडा फेकते. दुसऱ्यांदा तिला शब्द उच्चारावा लागत नाही. मला मात्र अजून कधी कधी लागतो. ठहर सध्या चाळीस सेकंदांवर आहे, समोरून मांजर गेलं तर चार.